आधी टॅपेट, शेवटी कार्ब्युरेटर
(प्रस्तावना)

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘ट्यूनिंग’ हा शब्द गेली कित्येक दशके एका ठरावीक अर्थाने वापरला जातो. गाडी ट्यूनिंगला टाकली, की मेस्त्री प्लग काढून साफ करतो, टॅपेट सेट करतो, पॉइंट घासून त्यांची फट बसवतो, टायमिंग पाहतो आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरला हात लावतो. गाडीत नवे काही येत नाही; जे होते ते जागेवर येते. हौशी मोटारप्रेमींच्या तोंडी मात्र याच शब्दाला दुसरा अर्थ आहे. मोठे कार्ब्युरेटर, जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर आणि या सगळ्यातून मिळणारी वाढीव अश्वशक्ती म्हणजे त्यांचे ट्यूनिंग. या पुस्तकाची सगळी मांडणी मेस्त्रीचा अर्थ खरा मानून केलेली आहे. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत देखभाल आणि ट्यूनिंग ही एकाच कामाची दोन नावे आहेत, त्या कामाला एक क्रम आहे, आणि तो क्रम मोडला की उत्तम सुटे भाग आणि कुशल हात असूनही गाडी बिघडतच जाते, हे माझे प्रतिपादन आहे. ते इंजिनाच्या रचनेतूनच कसे निघते हे या प्रस्तावनेत दाखवायचे आहे, आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींना उत्तरही द्यायचे आहे.

उदाहरणासाठी एमजीबी ही गाडी घेतली आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ती बनत होती. आधी उघड्या टपाची, आणि १९६५ पासून बंद टपाची जीटीही. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. यांतल्या बहुतेक सगळ्या गाड्यांत एकच इंजिन आहे: बी-सिरीजचे, १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडणारे. हे घराणे मराठी वाचकाला वाटते तेवढे परके नाही. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या अँबॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच बी-सिरीजमधले होते. अँबॅसडरचे टॅपेट ज्याने सेट केले आहेत, त्याला एमजीबीचे व्हॉल्व्ह कव्हर उघडल्यावर आत काय दिसणार हे आधीच ठाऊक असते. शिवाय या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साच्यांवर नव्या बॉडी बनवायला सुरुवात केली. तेव्हा अडचण सामानाची फारशी नाही. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मापाने बसवायचे, याच्या समजुतीची आहे.

आजच्या गाडीत किती पेट्रोल द्यायचे आणि ठिणगी कधी टाकायची, हे सेन्सरांच्या माहितीवरून कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवत असतो. एखादा भाग थोडा झिजला तर ती झीज तो बरीचशी सांभाळून घेतो आणि चालवणाऱ्याला काही कळतही नाही. एमजीबी बनली त्या काळात हे सांभाळून घेणे माणसाच्या हाती होते, आणि त्यासाठी गाडीत जागोजागी सोय ठेवलेली होती. सुरुवातीच्या गाड्यांत टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.०१५ इंच, म्हणजे गॅरेजच्या भाषेत १५ थाऊ. पॉइंटची फट १४ ते १६ थाऊ, प्लगची २५. ही मापे म्हणजे झीज होणारच हे गृहीत धरून केलेल्या तरतुदी आहेत. पॉइंटची टाच डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर घासून झिजते, म्हणून पॉइंट सरकवण्यासाठी खाच ठेवली आहे. रॉकर आणि पुशरॉड झिजतात, म्हणून रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि लॉकनट दिला आहे. पुढच्या चाकांच्या किंगपिन झिजतात, म्हणून तिथे ग्रीसचे निपल आहेत आणि दर ३,००० मैलांना ग्रीस भरायला सांगितले आहे. ठरावीक अंतराने हात फिरवला नाही तर ही गाडी बिघडते असे नव्हे. तो हात फिरेल असे धरूनच ती घडवली आहे. म्हणून तिची देखभाल करणे म्हणजे तिची रचना पूर्ण करणे होय.

आता क्रम. पहिल्यांदा कॉम्प्रेशन मोजायचे, मग टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग आणि शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम सवयीतून किंवा सोयीतून आलेला नाही. कॉम्प्रेशन ही नुसती चाचणी आहे; तिच्यानंतरची प्रत्येक जुळवणी पुढच्या पायरीचे माप बदलते. मागच्या जुळवणीचे मात्र बदलत नाही. टॅपेटची फट अगदी कमी असेल तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही, त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. अशा सिलिंडरला कार्ब्युरेटरमधून कितीही नेमके मिश्रण दिले तरी तो मिसिंग करणारच. पॉइंट आणि टायमिंगचेही तसेच आहे. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी टायमिंग बसवून मग पॉइंट सेट करणारा माणूस आपलेच काम आपल्याच हाताने मोडत असतो. एकट्या पॉइंटच्या झिजेने गाडीचा पिकअप मंदावतो, इंजिन तापते, आणि चालवणाऱ्याला वाटते पेट्रोल कमी पडते आहे. कार्ब्युरेटरवर ठेवलेले कितीतरी आरोप मुळात डिस्ट्रिब्युटरचे असतात, हे जुन्या मेस्त्रींना पक्के माहीत असते. त्यामागे असलेले कारण मात्र शिकाऊ पोराला क्वचितच समजावून सांगितले जाते. ते समजावून सांगणे हे या पुस्तकाचे एक प्रयोजन आहे.

टॅपेट सेट करण्याची या इंजिनातली रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण क्रमाची गोडी तिच्यातून कळते. आठ व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ असे क्रमांक द्यायचे. ज्या व्हॉल्व्हची फट मोजायची, त्याचा क्रमांक नऊतून वजा करायचा. उत्तर येईल त्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा येईपर्यंत इंजिन हाताने फिरवायचे. आठवा पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट मोजायची, सहावा उघडा असताना तिसऱ्याची. कॅमशाफ्टवरच्या कॅमांची मांडणी अशी आहे, की जोडीतला एक व्हॉल्व्ह पुरता उघडला की दुसऱ्याचा टॅपेट आपल्या कॅमच्या सर्वांत सखल भागावर असतो. नऊचा हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहेच, पण एका भागाचे माप घ्यायचे तर दुसरा भाग कुठे आहे हे आधी पाहावे लागते, हा धडाही त्यात आहे. सुट्या भागाचे सुटे माप या गाडीत जवळजवळ नसतेच.

हा धडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो एसयू कार्ब्युरेटरमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंनी तो शोधला. त्यांच्या ‘स्किनर्स युनियन’ची आद्याक्षरे म्हणजे एसयू. अनेक कार्ब्युरेटरांत वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट असतात. एसयूमध्ये जेट एकच, आणि त्यात वर-खाली होणारी निमुळती सुई. सुई एका पिस्टनला जोडलेली असते. इंजिनाने ओढलेल्या हवेमुळे पिस्टनच्या वरच्या घुमटात निर्वात तयार होतो आणि पिस्टन उचलला जातो. हवेची मागणी वाढली की पिस्टन अधिक वर जातो, हवेची वाट रुंदावते, आणि सुईचा बारीक भाग जेटमध्ये येऊन पेट्रोलची वाटही तेवढीच मोकळी होते. जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग त्यामुळे जवळपास सारखा राहतो. घुमटावरच्या नळीतले थोडेसे तेल पिस्टनला एकदम उसळू देत नाही, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्याच्या क्षणी मिश्रण पुरेसे घट्ट मिळते. इतक्या थोड्या भागांत इतके काम करणारे यंत्र विरळाच. पण त्याच्या साधेपणाची एक अट आहे. इंजिन जे ओढते त्यालाच एसयू उत्तर देतो. ओढ चुकीची असेल तर उत्तरही चुकीचे येते, आणि दोष उत्तर देणाऱ्यावर येतो.

सुरुवातीच्या एमजीबीत असे दोन कार्ब्युरेटर आहेत, आणि हेडमध्ये हवा आत घेणारी तोंडे दोनच. पुढचे तोंड पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरचे सामाईक, मागचे तिसऱ्या आणि चौथ्याचे. म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटरमधून सारखी हवा जात नसेल, तर इंजिनाचे दोन अर्धे भाग एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. म्हणून आधी दोघांना जोडणारी कडी ढिली करून हवा समान करायची आणि मगच मिश्रणाकडे वळायचे. मिश्रणासाठी जेटखाली षटकोनी नट असतो. तो एका पैलूने, म्हणजे सहाव्या हिश्श्याने फिरवायचा. जेट वर गेला की मिश्रण पातळ, खाली आला की घट्ट. परीक्षाही सोपी आहे: पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलून इंजिनाचा आवाज ऐकायचा. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट. इंजिन लगेच मंदावले किंवा बंद पडले तर पातळ. क्षणभर किंचित वाढून पुन्हा मूळ ठिकाणी आले तर बरोबर. हे दोन मिनिटांचे काम आहे. पण आधीच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण झालेल्या असतील तरच या परीक्षेचे उत्तर विश्वासार्ह असते.

क्रम मोडल्यावर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण थ्रॉटलच्या स्पिंडलचे. पन्नास-साठ वर्षांत हा स्पिंडल आणि त्याची भोके झिजतात आणि त्या फटीतून चोरटी हवा आत जाते. गाडी जागेवर उभी असताना इंजिनाची एकूण हवाच थोडी असते, म्हणून ही चोरटी हवा मोठा फरक करते: मिश्रण पातळ होते आणि आयडलिंग डगमगते. स्पिंडल न तपासता नट फिरवून मिश्रण घट्ट केले, की आयडलिंग तात्पुरते सुधारते. आता हीच गाडी हायवेवर नेली, की एकूण हवेच्या तुलनेत चोरटी हवा नगण्य ठरते आणि मुद्दाम घट्ट केलेले मिश्रण सर्व वेगांत घट्टच राहते. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि रिंगा झिजू लागतात. मग काळे प्लग पाहून कुणी जास्त गरम प्रकारचे प्लग बसवतो, कुणी सुई बदलतो. एका झिजलेल्या भोकापासून निघून तीन चांगले भाग बाद होतात. एका दोषावर दुसऱ्या ठिकाणी पांघरूण घालायचे, ही जुन्या गाडीच्या बिघाडाची नेहमीची वाट आहे. ‘ही गाडी कधी नीट चालतच नाही’ असा शिक्का बसलेल्या अनेक गाड्या मुळात अशा पांघरुणांच्या थरांखाली दडपलेल्या असतात.

हाच न्याय इंजिनाबाहेरही लागतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते, आणि उघड्या गाडीत तर टप नसल्याने दारांखालच्या पेटीसारख्या सिलवर तो विशेष येतो. सिल बाहेरून चकाचक रंगवलेला आणि आतून गंजलेला असू शकतो. अशी गाडी जॅकवर उचलली की दाराची फट आवळते, आणि कोणत्याही फीलर गेजपेक्षा ती फट जास्त सांगून जाते. पुढच्या बाजूला शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा हाच सस्पेन्शनचा वरचा हात आहे. त्यातले तेल गळून गेले तर गाडी नुसती डुलत नाही, चाकावरची हुकमत जाते. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि सिल यांची प्रकरणे या पुस्तकात इंजिनाच्या आधी येतात ती याच कारणाने. इंजिनाने दिलेला वेग पेलणारे आणि तो वेळेवर थांबवणारे भाग आधी शाबूत हवेत.

आता हरकतींकडे वळू. पहिली हरकत इतिहासाच्या आधाराने घेतली जाते: मूळ कारखान्यानेच अश्वशक्ती वाढवण्याचे सामान विकले होते, ॲबिंग्डनमध्ये त्यासाठी खास विभाग होता, मग मापातच राहण्याचा आग्रह का? वस्तुस्थिती खरी आहे. पण त्याच ॲबिंग्डनच्या गाड्यांचा ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीतला हिशोब पाहावा. १९६३ मध्ये एमजीबी एकूण बारावी आली आणि आपल्या वर्गात पहिली. १९६४ मध्ये एकोणिसावी, १९६५ मध्ये अकरावी. तिन्ही वर्षी पॅडी हॉपकर्क हे चालकांपैकी एक होते, आणि तिन्ही वर्षी गाडीने शर्यत पूर्ण केली. तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्या अर्ध्या वाटेत थांबलेल्या असताना ती धावत राहिली. कारखान्याने ताकद वाढवली, पण ती मोजून जुळवलेल्या इंजिनावर. मूळ इंजिन मापात आहे हे गृहीत धरूनच वाढीची प्रत्येक पायरी आखता येते. ज्याला पुढे ताकद वाढवायची आहे, त्याला माझा विरोध नाही. त्याचा रस्ताही याच क्रमातून जातो, एवढेच सांगणे आहे. थकलेल्या इंजिनावर चढवलेला नवा कॅमशाफ्ट थकवाच जोरात ऐकवतो.

दुसरी हरकत आधुनिक सोयींची आहे. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, किंवा सरळ नवे इंजिन घातले, तर ही सगळी कटकट कशाला? यातले पहिले सुचवणे मला मान्य होण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे पॉइंटची झीज संपते आणि हवे तेव्हा पॉइंट पुन्हा बसवता येतात. पण डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजून हलत असेल, किंवा वेगानुसार ठिणगी पुढे आणणारी आतली वजने गंजून अडकली असतील, तर तो दोष तसाच राहतो. उलट नवे सामान बसवले या समाधानात तो शोधायचा राहून जातो. इंजिनबदलाबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे, आणि आता कायद्याचेही पाठबळ मूळ स्वरूपालाच आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या वाहनांना. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, तीही मोठे फेरबदल केलेले नसतील तरच. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की सूट तपासणीच्या कागदातून आहे, गाडी तपासण्याच्या जबाबदारीतून नाही.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. ज्या पेट्रोलसाठी ही मापे ठरली, ते पेट्रोलच आता राहिलेले नाही. २००० सालाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आणि भारतातही पंपावरचे शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचा पातळ लेप लोखंडी हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करीत असे. तो गेल्यावर दीर्घ वेगवान प्रवासात सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जाऊ लागतो. त्यानंतर आले इथेनॉल: ब्रिटनमध्ये दहा टक्के, आपल्याकडे वीस. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ पट. म्हणजे जेट तेवढाच ठेवला तर आजचे मिश्रण आपोआप पातळ होते. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात आणि चिरतात, टाकीत पाणी धरले जाते. मग १९६२ च्या पुस्तकातल्या आकड्यांना चिकटून काय साधणार? आकडे जुने झाले हे मान्य करायलाच हवे. पण ते जुने झाले हे कळते कशावरून? पिस्टन उचलून घेतलेल्या त्याच परीक्षेवरून, प्लगच्या रंगावरून आणि फीलर गेजवरून. कारखान्याने दिलेला आकडा ही सुरुवात होती. मोजण्याची रीत हा खरा वारसा. इंधन बदलले तेव्हा ज्यांनी फक्त आकडे पाठ केले होते ते अडले, आणि ज्यांना क्रम कळला होता त्यांनी नट एक-दोन पैलू फिरवून, गरज पडली तर वेगळी सुई घालून, पाइप बदलून गाडी पुन्हा जुळवली.

शिशाच्या उदाहरणात याहून मोलाची एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच या पुस्तकाच्या शेवटी रकाने आखलेली कोरी पाने जोडली आहेत. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल गेला, की त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. एरवी झिजेने फट वाढते आणि टॅपेट वाजू लागतात. इथे उलट इंजिन जास्त शांत होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते सगळे छान चालले आहे. हा दोष कानाला कळत नाही. तो कळतो फक्त वहीत: फट दुरुस्त करण्याआधी ती किती होती हे आठही व्हॉल्व्हपुढे दर वेळी लिहून ठेवले असेल, आणि एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर खेपेला दोन-तीन थाऊ कमी दाखवत असेल, तरच. तेव्हा हेड उतरवून कडक सीट बसवायची वेळ आली, हे व्हॉल्व्ह जळण्याच्या कितीतरी आधी समजते. कॉम्प्रेशन, टॅपेट, पॉइंट, टायमिंग, आणि मग जेटचे पैलू, या क्रमाने प्रत्येक ओळीत आधीचे माप आणि नंतरचे माप असे दोन रकाने ठेवले आहेत. बहुतेक जण फक्त दुसरा भरतात. वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे, की पाना हातात घेण्याआधी पहिला भरावा.